छोट्या हत्तीवर (टाटा एसवर) राहायची खोली बांधायची आहे, सल्ला द्या

ताटीवाला | ४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. नागपूरहून लिहितो आहे. आमचा कूलरच्या ताट्यांचा, म्हणजे कूलरच्या पॅडांचा, धंदा होता. मार्च लागला की घरभर वुडवूल (लाकडाचे बारीक तंतू), अंगणात ताट्यांच्या थप्प्या, आणि बाबा सकाळी सहाला २०१४ चा टाटा एस घेऊन इतवारी, गांधीबाग, कामठीच्या दुकानांत माल टाकायला निघायचे. आता गिऱ्हाईक हनीकोम्बचे पॅड मागतं, बाबा एकसष्ट वर्षांचे झाले, यंदा धंदा आवरला. गाडी विकायचा विषय काढला तर बाबा दोन दिवस बोलले नाहीत. रोज सकाळी उठून तिची काच पुसतात.

आईचे गुडघे गेलेत. लॉजचे जिने आणि धर्मशाळेतले भारतीय पद्धतीचे संडास तिला जमत नाहीत, म्हणून चार वर्षं ती कुठे गेलेली नाही. तिला शेगाव आणि लोणार करायचं आहे. बाबांना पचमढी, कारण तरुणपणी ते नागद्वारच्या यात्रेला दरवर्षी जायचे.

तेव्हा डाल्यावर (मागच्या माल ठेवायच्या उघड्या भागावर) छोटी खोली बांधावी असं मनात आहे. डाला सात फूट दोन इंच बाय चार फूट दहा इंच. आरसीवर एकूण वजन १५५० आणि रिकामं वजन ८४० किलो. माझा आराखडा असा : २५ बाय २५ च्या चौकोनी पाईपचा सांगाडा, आतून-बाहेरून १२ मिमी प्लाय, मध्ये फोम, वरून पत्रा, उंची सहा फूट म्हणजे आत उभं राहता येईल. सगळं डाल्याला वेल्डिंग करून पक्कं. लाखाच्या आत बसवायचं आहे. कुणी असं केलं आहे का? आरटीओ काय म्हणेल? आणि आपल्या उन्हाचं काय करायचं?

तर्री_जास्त | ४ ऑक्टोबर, रात्री ९.५५

भाऊ, महिंद्राची बोलेरो कॅम्पर घे, नावातच कॅम्पर आहे, काही बांधायचंच काम नाही. :)

मस्करी बाजूला. आई-बाबांसाठी करतो आहेस हे वाचून फार बरं वाटलं. वाचत राहीन.

पाटा_कमान | ४ ऑक्टोबर, रात्री १०.३०

वाडीले तीस वर्षं झाले मले, ट्रकचे पाटे (स्प्रिंगा) आणि बॉडीचेच कामं करून राहिलो. तुहा आराखडा वाचला. पोरा, हे घर नाही, तिजोरी होऊन राहिली.

हिशेब कर. भिंती, छत, जमीन धरून दोनशे चौरस फुटांच्या वर जागा होते. दोन्ही बाजूनं प्लाय म्हणजे आठ बाय चारचे तेरा शीट. १२ मिमीचं एक शीट २२-२३ किलोचं. झाले ३०० किलो. पाईप दोन मिमीचा असंल तं मीटरले जवळपास दीड किलो, पन्नास मीटर तं लागनच. त्याच्यावर पत्रा. साडेचारशेच्या वर गेला तू, अजून गादी आली नाही, पाणी आलं नाही, माणसं बसले नाही. आरसीवर तुले ७१० किलोच भेटते, आणि माणसाचं वजन त्यातच धरा लागते. लोकं हे विसरतात.

दुसरी गोष्ट उंचीची. गाडी रुंदीले पाच फूट नाही आणि तू तिच्या डोक्यावर सहा फुटी पेटी ठेवून राहिला. बारा इंची चाकं आहेत तिचे. पचमढीले जाताना सिल्लेवानीच्या घाटात वळणावर काय होईन, विचार कर. बुड जड पाहिजे, डोकं हलकं पाहिजे. पेटी साडेचार फुटाची कर, छत वर उचलता येईन असं कर, आणि मधात कॅनव्हास लाव. रात्री उचल, सकाळी खाली घे.

आणि पाटे वाढवून ताकद वाढते असं कोणी सांगन तं ऐकू नको. पाटा वाढवला तरी अॅक्सल तोच, ब्रेक तोच, टायर तोच राह्यते.

रानवेडी | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

काकांनी वजनाचं सांगितलं ते सोळा आणे खरं. मी आणि नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी बोलेरो पिकअपवर डबा बांधला. पेंच, नवेगाव, नागझिरा, मेळघाट असं सगळं त्यातून केलं. म्हणून आमची सगळ्यात मोठी चूक सांगते : छताला स्क्रू.

बाहेरून तीन मिमीचं एसीपी (अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचं शीट) लावलं होतं, दिसायला सुंदर. छताचं शीट स्क्रूने आवळलं आणि प्रत्येक डोक्यावर सिलिकॉन लावलं. मे महिन्यात छत तापून फुगलं, रात्री आकसलं, असं महिनाभर चाललं आणि सिलिकॉन कडेने सुटलं. जुलैत नवेगावजवळ रात्री दोनला जाग आली ती उशी ओली लागली म्हणून. टॉर्च लावला. स्क्रूच्या आट्यांवरून पाणी फिरत फिरत खाली येत होतं, टोकाला थेंब जाड होत होता, लोंबत होता आणि बरोबर उशीच्या मध्यावर पडत होता. त्याच्यामागे दुसरा तयार. सकाळपर्यंत आम्ही पातेलं धरून बसलो. घरी येऊन आतला प्लाय काढला तर फोम आणि प्लायच्या मध्ये मुंग्यांनी वारूळ केलेलं.

मग छत पुन्हा केलं. एकच अखंड शीट, चारही बाजूंनी दोन इंच खाली वळवलेलं, भिंतीवर आलेलं. कवेलूची पागोळी जशी भिंतीच्या बाहेर पडते, तसं. स्क्रू फक्त त्या उभ्या वळलेल्या कडेला, आणि खाली ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी). त्यानंतर दोन पावसाळे कोरडे गेले. छताच्या आडव्या भागाला एकही भोक पाडू नकोस, हवेची खिडकीसुद्धा भिंतीतच कर.

फाईल_पुढे_सरकवा | ५ ऑक्टोबर, सकाळी ११.०५

मी परिवहनच्या कागदपत्रांचं काम करतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं लिहितो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा वाहन वेगळं होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे पुन्हा ठामपणे सांगितलं. डाला कापणं, चेसिसला खोली वेल्ड करणं म्हणजे सरळ या कलमात सापडणं. कारखान्यातून तयार होणाऱ्या मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे, ते घरच्या बांधणीला पेलणारं नाही. राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आहे, पण ते व्यवसाय करणाऱ्यांसाठी.

म्हणून वेल्डिंगचा विचार सोडा. डबा सुटा ठेवा, डाल्यात बसवलेला आणि बांधलेला, हवा तेव्हा उतरवता येणारा. डाल्याच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नका. मागचे दिवे, रिफ्लेक्टर, नंबर प्लेट झाकली जाता कामा नये. तुमची गाडी आठ वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे दरवर्षी फिटनेसची तपासणी. त्या दिवशी डबा उतरवून मूळ रूपातली गाडी न्यायची. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असल्याने मालवाहू परमिटचा प्रश्न येत नाही. तरी बांधायच्या आधी चित्र काढून तुमच्या आरटीओत दाखवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पोचपावती जपून ठेवा.

पुणेरी_पाहुणा | ५ ऑक्टोबर, दुपारी १.२०

एवढा त्रास कशाला? पॉइंट आठ टनाचा इन्व्हर्टर एसी लावा, वर सोलर टाका. विषय संपला.

ऊन_खातो | ५ ऑक्टोबर, दुपारी २.१०

@पुणेरी_पाहुणा, दादा, विषय इथूनच सुरू होतो.

१२.८ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॅट-अवर. तो एसी पूर्ण जोरात ७००-८०० वॅट घेतो. दोन तासांत बॅटरी रिकामी, आणि रात्र दहा तासांची. जास्त बॅटऱ्या घेतल्या तर पैसे गेले आणि काकांनी वाचवलेलं वजनही गेलं. छतावर ३३५ वॅटचं एकच पॅनल बसतं, दोन मीटर बाय एक मीटर, २०-२२ किलोचं.

त्याच बॅटरीवर २० वॅटचे दोन डीसी पंखे रात्रभर चालवले तर ४०० वॅट-अवर. दिवे आणि दोन मोबाइल धरून ५००. दोन रात्री आरामात निघतात. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी घालायचा मोह होईल, पण तिचं वजन ५५-६० किलो. लिथियम बारा-तेराची.

पॅनल छताला चिकटवू नका. तीन-चार इंच वर उचला, खालून वारा खेळू द्या. ऊन पॅनल खातं, छत सावलीत राहतं, आणि पॅनलही थंड राहून जास्त वीज देतं. रानवेडीताईंचं ऐकून त्याचे पाय छताच्या वळलेल्या कडेवर घ्या.

रानवेडी | ५ ऑक्टोबर, दुपारी २.४०

बरोब्बर! आम्ही तसंच केलं. आणि बाहेरून पांढरा रंग. आमच्या ओळखीत एकाने शौकाने काळा मॅट मारला होता, एप्रिलमध्ये भिंतीला हात लावता येईना.

ताटीवाला | ५ ऑक्टोबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा हिशेब बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हा माणूस गाडी ओळखते."

एसी-कूलरची चर्चा वाचून मात्र बाबा खुर्चीत ताठ बसले. मे २०१३ मध्ये पारा ४७.९ ला गेला होता तेव्हा ते रोज माल टाकत फिरत होते. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो : कूलर थंड करत नाही, पाणी उडतं तेव्हा थंड होतं. म्हणून कोरडी हवा आत यायला पाहिजे आणि ओली हवा बाहेर जायला पाहिजे. खिडकी बंद करून कूलर लावणाऱ्याचे कपडे ओलसर होतात आणि तो ताटीला शिव्या देतो. एवढ्याशा खोलीला मोठा पंखा नको, मागच्या भिंतीत एक फूट बाय एक फुटाची ताटी, छोटा डीसी पंखा, छोटा पंप, आणि समोर तेवढीच खिडकी उघडी. ताटी ते स्वतः बांधणार, वुडवूलमध्ये थोडा खस घालून.

ऊन_खातो | ५ ऑक्टोबर, रात्री ९.५०

बाबांना नमस्कार सांगा, पुस्तकातलं सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं. फक्त पाण्याचा हिशेब धरा. मे महिन्यात असा छोटा कूलरसुद्धा रात्रभरात वीस-पंचवीस लिटर पिऊ शकतो. एक लिटर म्हणजे एक किलो. मुक्कामाला पोचल्यावर टाकी भरा, भरलेली टाकी घाटात वाहू नका. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा उपयोग नाही, तेव्हा नुसते पंखे.

तर्री_जास्त | ५ ऑक्टोबर, रात्री १०.०५

स्वयंपाकाचं कुणी बोललंच नाही! लोणारला जाऊन भाऊ बिस्किटं खाणार का? माझं मत : गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी. डब्यात ओटा कितीही चांगला केला तरी रोडगे बाहेरच भाजायचे.

वऱ्हाडी_ठेचा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

रोडग्यांत पोटात पुरणासारखी दुसरी गोळी असते ना तुमच्याकडे? आमच्याकडे पदर घालून करतात, भाजल्यावर पाकळ्या सुटतात. तूप पाहिजे मात्र वाटीभर.

तर्री_जास्त | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

पदरांचेच. आणि वांगी छोटी, अख्खी. आता सकाळी सकाळी भूक लागली.

शेगडी_नको | ६ ऑक्टोबर, सकाळी १०.००

स्वयंपाकाचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीची विनंती करते.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आम्ही चिखलदऱ्याला तंबूत होतो. थंडी फार होती. बाहेर भाजणं झाल्यावर विझत आलेली कोळशाची शेगडी मी आत घेतली, तंबूची चेन लावली. धूर अजिबात नव्हता. अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागलं, मला वाटलं प्रवासाचा शीण. मुलगी उठून बसली आणि उलटी केली. नवऱ्याला उठवलं तर तो उठेना, नुसता हं हं करत होता. मी चेन उघडली, त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. दव पडलेल्या गवतावर तिघं तासभर बसून होतो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही.

म्हणून त्या डब्यात काहीही पेटवू नका. कोळसा नको, गॅस नको, कछवा छाप अगरबत्तीही नको, जाळी लावा. फोम आणि एसीपी दोन्ही आग धरतात. शेगडी बाहेरच्या भिंतीला बिजागरीवर फळी लावून त्यावर ठेवा. सिलिंडर ठेवायचा कप्पा आतून पूर्ण बंद, बाहेरून दार, आणि तळाशी भोकं, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. पाच किलोची लहान टाकीच घ्या. बुटेनचे डबे नागपूरच्या उन्हात बंद गाडीत ठेवायची हिंमत मी करणार नाही. आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइडचा) अलार्म लावाच, उशीच्या जवळ.

ताटीवाला | ६ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

ताई, अंगावर काटा आला. आत काहीही पेटणार नाही, शब्द देतो. अलार्म आजच मागवला.

पाटा_कमान | ६ ऑक्टोबर, रात्री ८.२०

ताईनं लाखाचं सांगितलं.

आता डबा बांधाचं ऐक. डाल्याच्या चार कोपऱ्याले हूक आहेत, ते ताडपत्रीच्या दोरीसाठी आहेत, डब्यासाठी नाही. डाल्याच्या खालच्या क्रॉस मेंबरले (आडव्या लोखंडी दांड्याले) पट्टी टाकून नट-बोल्टनं चार कडे लाव, वेल्डिंग नको. त्यात टर्नबकल (फिरवून आवळाचा स्क्रू). डब्याच्या बुडाखाली रबराची शीट टाक, नाही तं सरकते. एका गिऱ्हाइकाचा डबा तामियाच्या उतारावर चार इंच समोर येऊन केबिनले टेकला होता. टर्नबकल ढिले झाले ते त्याले माहीतच नव्हतं. पहिल्या पन्नास किलोमीटरवर थांबून आवळाचे, मंग दर चहाले हात लावून पाह्याचं.

जड सामान मागच्या चाकाच्या समोर ठेव. पाणी, बॅटरी, सिलिंडर सगळं खाली आणि समोर. चाकाच्या मागं वजन गेलं की स्टेअरिंग हलकं लागते.

कुंकवाची_डबी | ७ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

सगळा धागा वाचला. माझं वय अडुसष्ट, मला तांत्रिक काही कळत नाही. एक शंका आहे. छोट्या हत्तीत समोर दोनच माणसं बसतात ना? आई, बाबा आणि ताटीवाला, तिसरं कुठे बसणार?

फाईल_पुढे_सरकवा | ७ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

आजी, लाख मोलाचं विचारलंत. मी कायद्याची कलमं लिहिली आणि हेच राहिलं. मालवाहू गाडीच्या मागे माणूस बसवता येत नाही. डबा असो वा नसो, गाडी चालू असताना आत कुणी नको. अपघात झाला तर विमा हात वर करेल, आणि विमा बाजूला ठेवा, आतल्या माणसाला धरायला काही नसतं.

तर्री_जास्त | ७ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

म्हणजे माझी बोलेरो कॅम्परची मस्करी कामाची निघाली. तिच्यात मागेही सीट असते.

ताटीवाला | ७ ऑक्टोबर, रात्री ११.२०

दिवसभर यावरच विचार करत होतो. गाडी बदलायची तर पैसे नाहीत, आणि बाबांची ही गाडी गेली तर या सगळ्याला अर्थ राहत नाही.

जेवताना घरी विषय काढला. मी म्हटलं, मी चालवतो, आई शेजारी, बाबा रेल्वेने शेगावला येतील. आईने हातातला घास खाली ठेवला. म्हणाली, "बारा वर्षं यांनी ही गाडी चालवली. एकदाही मी शेजारी बसले नाही. कधी ताट्या, कधी पोरगा शेजारी. आता मी बसते, हे चालवतील. तू घरी राह्य."

बाबा काही बोलले नाहीत. ताटातला भात संपवला आणि उठून गाडीची चावी खुंटीवरून काढून खिशात टाकली.

तेव्हा मंडळी, मापं बदलली. दोन माणसांचाच डबा. मी बांधणार, जाणार ते दोघं.

रानवेडी | ८ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

डोळ्यांत पाणी आलं. मग आता आईंच्या गुडघ्याचं बघ. डाला जमिनीपासून दोन फुटांच्या वर आहे. मागचा फाळका (डाल्याचं मागचं झडप) आडवा पाडून त्याला खालून टेकू दे, आणि त्याच्यापर्यंत सात-सात इंचांच्या पायऱ्या कर. दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला उभा पाईप. बेड खुर्चीच्या उंचीचा ठेव, म्हणजे उठताना गुडघ्यावर जोर येणार नाही. खालच्या पोकळीत सुटा केमिकल टॉयलेट बसतो, वर झाकण आणि हँडल. माझ्या सासूबाईंसाठी केलं होतं. रात्री बाहेर जावं लागणार नाही हे कळल्यावर त्या आमच्याबरोबर यायला तयार झाल्या.

मुक्काम शेगावच्या भक्तनिवासाच्या आवारात किंवा लोणार-चिखलदऱ्याच्या एमटीडीसीत आधी विचारून करा. जंगलाच्या रस्त्याकडेला रात्री थांबायचं नाही.

ताटीवाला | २१ डिसेंबर, रात्री १०.१०

अडीच महिन्यांनी येतो आहे, माफ करा, रोज कामावरून आलो की रात्री अकरापर्यंत अंगणातच असायचो.

डबा झाला. पाईप लोहाओळीतून, १.६ मिमीचा घेतला. बाहेरून एसीपी, मध्ये दोन इंची एक्सपीएस फोम, आतून चार मिमी प्लाय, फक्त जमिनीला १२ मिमी, लकडगंजातून. छत अखंड, कडा वळवलेल्या. आडव्या भागाला एकही भोक नाही. दोन दिवस नळी लावून पाणी सोडलं, आत वर्तमानपत्रं पसरली होती, कोरडी निघाली. आईच्या पायऱ्या तीनदा बदलल्या. सात इंचसुद्धा तिला जड जात होते, शेवटी सहावर थांबलो. चित्र घेऊन आरटीओत जाऊन आलो, विमा कंपनीच्या पत्राची पोच फाईलला लावली.

काल धरमकाट्यावर नेला. आई-बाबा दोघं केबिनमध्ये, गादी, भांडी, पाच किलोचा सिलिंडर, वीस लिटर पाणी सगळं भरून. १३२० किलो. काट्यावरच्या पोराने चिठ्ठी दिली ती बाबांनी घडी करून डॅशबोर्डवरच्या गजानन महाराजांच्या फोटोमागे ठेवली.

पाटा_कमान | २१ डिसेंबर, रात्री १०.३०

१३२० म्हणजे सोनं! टायरमधली हवा माल भरल्याच्या हिशेबानं ठेव. समृद्धीनं जाऊ देऊ नको, तिथं सगळे शंभर-सव्वाशेनं जातात, हे पन्नासनं जाईन. जुन्या अमरावती रोडनं जा म्हणा, आरामात.

ताटीवाला | २४ डिसेंबर, सकाळी ८.०५

निघाले. पहाटे साडेपाचला. आईने शाल गुंडाळली होती आणि मांडीवर तिळाच्या पोळ्यांचा डबा. गल्लीच्या वळणावर बाबांनी हॉर्न दिला, माल टाकायला जाताना द्यायचे तसाच, दोन छोटे.

आत्ता कोंढाळीहून फोन आला. काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे थांबून टर्नबकल पाहिले. डावीकडचा मागचा अर्धा आटा ढिला होता, आवळला. आई फाळक्यावर बसून चहा पिते आहे. फोटो रात्री टाकतो.